सकाळी गाडी लवकर स्टार्ट होत नाही? आधी रात्रभरात इंधनाचं काय झालं ते बघा

गोव्यात सकाळी गाडी पटकन चालू झाली नाही की शेजारीपाजारी दोनच कारणं सांगतात: थंडी आणि बॅटरी. बॅटरीचा दोष कधीकधी खरा असतो. थंडीचा मात्र इथे जवळजवळ कधीच नसतो. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा विशीच्या आसपास असतो, वाळपई-साखळीच्या बाजूला त्याहून थोडा खाली जातो, इतकंच. एवढ्या हवेत पेट्रोलची वाफ व्यवस्थित होते आणि धडधाकट डिझेल इंजिनही ग्लो प्लगच्या (थंड इंजिनाला आतून ऊब देणाऱ्या प्लगच्या) फारशा मदतीशिवाय पेट घेतं. तरीही गाडी सकाळी आठ-दहा वेळा घरघरून मग चालू होत असेल आणि दिवसभर नंतर एका सेल्फमध्ये लागत असेल, तर ती रात्रभर उभी असताना काहीतरी बिघडतंय असं समजा. बहुतेक वेळा इंधनाच्या लाईनमधलं (टाकीपासून इंजिनपर्यंतच्या नळीतलं) प्रेशर उतरलेलं असतं, हवा शिरलेली असते, पाणी खाली बसलेलं असतं किंवा टाकीतलं इंधनच जुनं झालेलं असतं.

ज्यांनी बोनेट उघडून फक्त पाणी आणि ऑईल बघितलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातल्या निम्म्याहून जास्त तपासण्यांना एकही हत्यार लागत नाही. एकही पार्ट बदलण्याआधी त्या करून घ्या. या तक्रारीवर लोक प्लग बदलतात, मग बॅटरी, मग सेल्फ, आणि इतका खर्च झाल्यावर कुठे इंधनाकडे वळतात. हा उलटा क्रम मला फार खटकतो, कारण पहिली तपासणी फुकट आहे आणि ती अर्ध्या मिनिटात होते.

हात लावण्याआधी

पेट्रोलच्या लाईनमध्ये इंजिन बंद असतानाही दाब असू शकतो. नळी एकदम सोडली तर पेट्रोलचा फवारा डोळ्यांत जातो किंवा गरम सायलेन्सरवर पडतो. म्हणून आधी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडू द्या, मग जॉइंटवर कापड धरून हळू सोडा. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नका, उघड्यावर करा. सिगरेट नको, देवापुढची समईसुद्धा जवळ नको.

डिझेलची गाडी कॉमन रेल असेल, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या पाईपमधून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळत असेल (गेल्या पंधरा वर्षांतल्या जवळपास सगळ्या आहेत), तर इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारताना इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या पार्टच्या) लोखंडी पाईपचा नट कधीही सैल करायचा नाही. जुन्या डिझेल गाड्यांवर नट सैल करून हवा काढायची पद्धत होती आणि जुने मेकॅनिक अजूनही तसंच सुचवतात. कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्याही वर जातो. बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि ती जखम वरून टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण हात गमावायची वेळ येऊ शकते. अशी धार लागली तर दुखत नसलं तरी लगेच बांबोळीच्या सरकारी इस्पितळात (जीएमसी) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जा.

दोष इंधनाचाच आहे ना?

सकाळी किल्ली फिरवल्यावर आवाज नीट ऐका. इंजिन जड, ओढल्यासारखं फिरत असेल किंवा नुसतं टक-टक करत असेल, तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा सेल्फ बघा. तो वेगळा विषय आहे. मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, आणि सेल्फ मारताना दहाच्या फार खाली जाऊ नयेत. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) गाडीला अडवतोय, इंधनाला हात लावू नका.

इंजिन नेहमीच्या जोरात फिरतंय पण पकडत नाही, आणि एकदा पकडलं की दिवसभर कुरकुर नाही, असं असेल तर पुढे वाचा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. सलग मारत राहिलात तर सेल्फची वाइंडिंग तापते, बॅटरी उतरते, आणि पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतं.

आठवडाभराची वही

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण अर्धं निदान इथेच होतं. रोज सकाळी दोन ओळी लिहा: गाडी रात्री कुठे उभी होती (सपाट, चढावर, नाक वर की खाली), टाकीत इंधन किती, आदल्या दिवशी इंधन भरलं का, पाऊस होता का, किती सेकंद सेल्फ मारल्यावर लागली, मागून धूर आला का आणि कुठल्या रंगाचा, पेट्रोलचा वास आला का. दुपारी दोन-तीन तास उभी राहिल्यावर कशी लागते, तेही लिहा.

दोन-तीन तासांनीही तोच त्रास होत असेल तर प्रेशरची गळती मोठी आहे. फक्त रात्रभरानंतर होत असेल तर बारीक आहे. फक्त पेट्रोल भरल्यानंतरच गाडी अडत असेल, तर टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. तो पार्ट लहान आहे आणि बदलायला सोपा, पण वही नसेल तर तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेट्रोल गाडी: किल्लीची तपासणी

आताच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो. किल्ली ऑनवर आणली की तो साधारण दोन सेकंद चालतो, लाईनमध्ये दाब भरतो आणि थांबतो. बहुतेक साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब ३ ते ४ बार असतो. इंजिन बंद केल्यावरही लाईन भरलेली राहावी म्हणून पंपात एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. विहिरीच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळू लागला की रोज सकाळी पाईपमध्ये पाणी ओतावं लागतं, तसंच इथे होतं: व्हॉल्व्ह गळला की रात्रभरात पेट्रोल टाकीत परततं आणि सकाळी पंपाला रिकामी लाईन नव्याने भरावी लागते.

तपासणी अशी. सकाळी गाडीला अजून कुणी हात लावलेला नसताना:

१. सेल्फ न मारता किल्ली फक्त ऑनवर आणा. मागच्या सीटखालून बारीक गुणगुण ऐकू येते का बघा. रेडिओ, एसी, पंखा सगळं बंद ठेवा.

२. गुणगुण थांबली की किल्ली ऑफ करा, पाच सेकंद थांबा, परत ऑन. असं तीनदा.

३. चौथ्यांदा सरळ सेल्फ मारा.

बटण-स्टार्टच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबलं की डॅशबोर्ड उजळतो, तेच ऑन. काही गाड्यांत दरवाजा उघडतानाच पंप चालतो, त्यामुळे आवाज ऐकायला एक माणूस आत आधीच बसलेला असलेला बरा.

यानंतर गाडी पहिल्या झटक्यात लागली, आणि दुसऱ्या दिवशी हे न करता सेल्फ मारल्यावर परत त्रास झाला, तर प्रेशर रात्री उतरतंय हे जवळपास नक्की. दोन्ही दिवस करून बघा, एकाच सकाळवर विश्वास ठेवू नका.

गुणगुण आलीच नाही किंवा मंद आली, तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायरिंग. आमच्याकडे यात एक खास भानगड असते. कळंगुटपासून काणकोणपर्यंत किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा लागते आणि पंपाच्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो. पंप चालतो, पण त्याला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दबलेली असते, त्यात हा गंज, म्हणजे पंप ऐन गरजेच्या वेळी मंद फिरतो. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी पंपाच्या अर्थिंगला लावून पंप चालू असताना मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावून घट्ट करा. पंप बदलण्याआधी हे झालंच पाहिजे. चांगला पंप काढून नवा टाकला तरी गंजलेला बोल्ट तोच राहतो, आणि महिन्याभरात तक्रार परत येते.

प्रेशर जातं कुठे?

जायला तीनच वाटा आहेत: मागे पंपाच्या व्हॉल्व्हमधून, दाब ठरावीक ठेवणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरमधून, किंवा पुढे इंजेक्टरमधून थेंब-थेंब इंजिनात. बाहेर गळत असेल तर वास येतोच. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात आणि रबरी नळ्या कुरतडतात, म्हणून नळ्यांवरून एकदा टॉर्च फिरवा.

गळणारा इंजेक्टर ओळखायला नाक पुरतं. सकाळी स्टार्ट होताना मागून काळसर धूर, कच्च्या पेट्रोलचा वास, पहिले काही सेकंद इंजिन लंगडं, मग सरळ, ही त्याची लक्षणं. ऑईलची डिपस्टिक काढा आणि वास घ्या. ऑईलला पेट्रोलचा उग्र वास येत असेल किंवा पातळी भरली त्यापेक्षा वर गेली असेल, तर पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खाली उतरतंय. अशी गाडी पुढे चालवत राहू नका, पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं. सकाळी थंड इंजिनचे प्लग काढले तर तीन कोरडे आणि एक ओला, काळा सापडतो. त्याच सिलिंडरचा इंजेक्टर धरायचा.

अशा वेळी आणखी एक करून बघा. ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असं केल्यावर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर बंद ठेवतो आणि नुसती हवा आत घेतो. अशाने गाडी लागली तर आत पेट्रोल जास्त झालं होतं. पेडल किंचित दाबल्यावरच लागत असेल, तर थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर) काजळी बसलेली असू शकते. तो इंधनाचा दोष नव्हे, पण लक्षण इतकं सारखं असतं की माणूस चुकतो.

गेज लावायची वेळ आली की गॅरेज गाठा, पण मेकॅनिकने काय करावं हे तुम्हाला माहीत हवं. टी-जॉइंटने प्रेशर गेज लावून पंप चालवायचा, आकडा लिहायचा, बंद करून पाच मिनिटांनी आणि मग तासाभराने परत बघायचा. थोडं उतरलं तर चालतं. पाच मिनिटांत शून्याकडे धावत असेल तर गळती पक्की. मग दाब भरून टाकीकडून येणारी लाईन अडॅप्टरच्या कॉकने बंद करायची. काटा थांबला तर गळती मागे, म्हणजे पंपाचा व्हॉल्व्ह किंवा टाकीतला रेग्युलेटर. तरीही पडत राहिला तर पुढे इंजेक्टर. रेग्युलेटर इंजिनवर असेल तर परतीची नळीही बंद करून बघावी लागते. ज्या गाड्यांना प्लॅस्टिकच्या कडक लाईन आहेत त्या पक्कडीने चिमटून तपासू देऊ नका. त्या तडकतात आणि नवा खर्च उभा राहतो.

पंपाचा व्हॉल्व्ह सुटा मिळत नाही, बहुतेक गाड्यांत पंप बदलावा लागतो. पण निदान पक्कं असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर घाई नाही. किल्ली दोनदा ऑन करून स्टार्ट केलं तरी गाडी महिनोन्महिने चालते. इंजेक्टर गळत असेल तर मात्र थांबू नका. हा फरक गॅरेजमध्ये सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतोय.

टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाल्या गाड्यांत पुढे आणखी एक हाय-प्रेशर पंप असतो. तिथे घरी फक्त किल्लीची तपासणी करा, बाकी स्कॅनरवाल्याकडे सोपवा.

पेट्रोल पोचतंय, पण माप चुकतंय

थंड इंजिनला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. किती द्यायचं हे ईसीयू कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरवरून ठरवतो. सेन्सरने थंड इंजिनला गरम म्हटलं, तर पेट्रोल कमी पडतं आणि सेल्फ मारत राहावा लागतो.

हे बघायला फोनला जोडणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं छोटं यंत्र) पुरे, स्वस्तात मिळतो आणि २०१३ नंतरच्या गाड्यांना चालतो. पहाटे, इंजिन चालू करण्याआधी, किल्ली ऑन ठेवून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे, बाहेरच्या हवेएवढे हवेत. हवा २४ आणि कूलंट ६० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली. उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. सेन्सर बाहेर काढून मल्टीमीटरने मोजला तर २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास रेझिस्टन्स येतो. सगळ्या संशयितांत हा स्वस्त पार्ट आहे, म्हणून गेज लावण्याआधी हे बघून टाका.

डिझेल: हवा शोधा

डिझेल गाडी सकाळी अडली की ग्लो प्लगवर संशय घेण्याची सवय घाटावरच्या, थंड मुलखातल्या सल्ल्यांमधून आली आहे. आपल्या हवेत आधी लाईन बघा.

पहिली तपासणी सायलेन्सरपाशी. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागे उभं राहायचं. धूर अजिबात नाही, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा-राखाडी धूर येतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तेव्हा ग्लो प्लग, कॉम्प्रेशन, इंजेक्टरचा फवारा यांचा विचार करा.

धूर नसेल तर दुसरी तपासणी, आणि गोव्याच्या चढउतारांवर ती फार छान जमते. एका रात्री गाडी उतारावर नाक खाली करून उभी करा. दुसऱ्या रात्री नाक वर करून. दोन्ही वेळा हँडब्रेक, गिअर आणि चाकामागे दगड. नाक खाली असताना सकाळी पटकन लागली आणि नाक वर असताना अडली, तर लाईनमध्ये हवा शिरतेय आणि डिझेल रात्रभरात टाकीकडे परततंय. सत्तरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांची गाडी घराच्या चढावर रोज नाक वर करून उभी असायची. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, आणि बाजारात उभी केली की काहीच तक्रार नाही. गॅरेजवाले बॅटरीच बघत राहिले. उतारावरच्या एका रात्रीत गोष्ट उघडी पडली: फिल्टरच्या झाकणाचा रबर रिंग कडक होऊन चपटा झाला होता.

हवा शिरण्याचा दोष सापडायला अवघड असतो, कारण ज्या बाजूने पंप डिझेल ओढतो तिथे बाहेर थेंबही गळत नाही. भोक कोरडं दिसतं, आत मात्र हवा जात असते. म्हणून फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक, डिझेलला टिकणारी नळी बसवतात आणि इंजिन चालू करून तिच्याकडे बघतात. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे गेले तर हरकत नाही. साबूदाण्याएवढे दाणे सतत धावत असतील तर हवा शिरतेय. मग टाकीपासून फिल्टरपर्यंत एकेक जॉइंट, क्लिप, हातपंपाचा रबर आणि फिल्टरचा ओ-रिंग तपासायचा. फिल्टर नुकताच बदलला आणि त्यानंतर त्रास सुरू झाला, तर जुना ओ-रिंग परत बसवलाय का हे आधी विचारा.

ज्या गाड्यांत फिल्टरवर हातपंप किंवा रबरी फुगा आहे, त्यात सकाळी सेल्फ मारण्याआधी तो दाबून बघा. मऊ लागतो आणि वीस-तीस दाबांनंतर कडक होतो, आणि मग गाडी लगेच लागते? तर हाच दोष.

लाईन ठीक असेल तर रेल प्रेशर. कॉमन रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या आसपास दाब जमल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. आकडा गाडीनुसार बदलतो. सेल्फ मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर बघायचं. ते हळूहळू चढत असेल तर झिजलेले इंजेक्टर दाब परतीच्या नळीत सोडत असू शकतात. मेकॅनिक प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला छोटी बाटली लावतो आणि सेल्फ मारतो किंवा इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. तीन बाटल्यांत तळाला थोडं आणि चौथी अर्ध्यावर, तर दोषी समोर उभा असतो. बाटल्यांची तपासणी न करता कुणी चारही इंजेक्टर किंवा पूर्ण पंप बदलायला सांगत असेल, तर गाडी तिथून बाहेर काढा.

पाणी

गोव्यात वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. टाकीचं झाकण नीट बसत नाही, झाकणाभोवतीचा रबर फाटलाय, पाणी साचतं तिथलं बारीक भोक मातीने बुजलंय, अशा वाटांनी पाणी आत जातं. अर्धी रिकामी टाकी असेल तर आतल्या दमट हवेचंही थोडं पाणी होतं.

डिझेलमध्ये पाणी तळाला बसतं. फिल्टरखालचा स्क्रू थोडा सैल करून पेलाभर द्रव काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली पाणी, वर डिझेल, मध्ये स्पष्ट रेघ दिसते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हे करावं असं माझं मत आहे, डॅशबोर्डवरचा दिवा लागायची वाट बघू नये. स्क्रू घट्ट केल्यावर हातपंपाने हवा काढायला विसरू नका.

पेट्रोलचं थोडं वेगळं आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे थोडं पाणी मिसळून जळूनही जातं. पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. पंप तळातूनच ओढतो. दिवसा गाडी हलते तेव्हा हे मिश्रण ढवळलेलं असतं, रात्रभर मात्र निवळतं, आणि सकाळचा पहिला घोट त्याच थराचा जातो. म्हणून पाणी असलेली गाडी सकाळीच जास्त त्रास देते. सकाळी लाईनमधून काढलेलं पहिलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत तासभर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी खाली करून साफ करण्याशिवाय इलाज नाही, कुठलंही औषध ओतून तो थर परत मिसळत नाही. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत रबरी नळ्या आणि रिंगही या निमित्ताने बघून घ्या. इथेनॉल जास्त असेल तर जुनं रबर फुगतं किंवा तडकतं.

इंधन भरल्यावर लगेच त्रास सुरू झाला असेल तर पावती जपून ठेवा. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे: पेपरवर एक थेंब पडतो, वाळल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय. टँकर रिकामा होत असताना त्या पंपावर भरू नका, जमिनीखालच्या टाकीतला गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

उभ्या राहिलेल्या गाड्या

गोव्यात अनेक घरांतला एखादा माणूस जहाजावर किंवा आखातात असतो. तारवटी (जहाजावर काम करणारा) सहा-आठ महिन्यांनी चवथीला किंवा नाताळाला घरी येतो, आणि गाडी लागत नाही. पेट्रोलचा सहज वाफ होणारा हलका भाग महिन्यांत उडून जातो, आणि थंड इंजिन पेटतं ते याच हलक्या भागावर. उरतं ते जड पेट्रोल, ज्याला वार्निशसारखा आंबट वास येतो. अशा टाकीत वरून पाच लिटर ताजं टाकून भागत नाही. जुनं शक्य तेवढं काढा आणि किमान अर्धी टाकी ताजं भरा.

घरच्यांनी आठवड्याला दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करावं, ही पद्धत मला पटत नाही. इंजिन गरम होत नाही, पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, बॅटरीही भरत नाही. पंधरा दिवसांनी वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणली तर खरा उपयोग. जाण्याआधी टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते.

सीएनजीच्या अनेक गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. लोक पेट्रोल जेमतेम काटा हलेल एवढंच ठेवतात, आणि तेच पेट्रोल महिनोन्महिने पडून राहतं. सकाळी गाडी अडली की गॅस किटला दोष देतात. आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका.

कार्ब्युरेटरच्या जुन्या ओम्नी आणि ८०० अजून गावागावांत आहेत. त्यांत बाऊलमधलं पेट्रोल दोन-तीन दिवसांत उडून जातं, मग सेल्फ मारत पंपाने ते भरावं लागतं. चोकची केबल पूर्ण ओढली जाते का तेवढं बघा.

गॅरेजमध्ये नेताना

या दोषात सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गॅरेजला पोचेपर्यंत गाडी गरम झालेली असते आणि तिथे एका सेल्फमध्ये लागते. मेकॅनिक म्हणतो, काही नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि सांगा की सकाळी तुमच्यासमोरच चालू करायची, आधी गॅरेजमधल्या पोराला ती बाजूला सरकवायला देऊ नका. रात्रीपासून गेज लावून ठेवायची विनंती करा. घरच्या वहीतली पानं सोबत न्या: किल्ली तीनदा ऑन केल्यावर काय झालं, उतारावर काय झालं, धुराचा रंग कोणता.

काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या आणि सलग तीन सकाळी सेकंद मोजा. साध्या (पोर्ट) इंजेक्शनची धडधाकट पेट्रोल गाडी एक-दोन सेकंदांत लागते. त्याहून जास्त लागत असेल तर बिल हातात असतानाच परत जा.